गोळी रोज का चुकते?
१९४९. कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले.

औषध आले, ते रोज घेणे हा निराळाच इतिहास. हृदय पोखरणारा हा रक्तदाब बहुधा दुखत नाही. सर्पगंधेने मात्र नाक चोंदे, कधी मन खिन्न होई. धडधाकट वाटणाऱ्याने ती का घ्यावी?

पुढे औषधे सौम्य झाली. तरी अंबरनाथ-बदलापूरहून पहाटेची लोकल गाठताना गोळी राहते. महिनाअखेर स्ट्रिप संपते, पगार व्हायचा असतो. अशा हृदयरुग्णाला बेफिकीर ठरवणे फारच सोपे. २००९ मध्ये भारतातील चाचणीचे निष्कर्ष आलेल्या ‘पॉलिकॅप’ने पाच औषधे एकाच कॅप्सूलमध्ये भरली. तिथे दोष रुग्णाच्या स्वभावात नव्हे, गोळ्यांच्या संख्येत शोधला गेला.