जुन्या फोटोतली नवरी खाली का बघते?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. मांडव, आचारी, वाजंत्री, बस्ता यांच्या जोडीला आता फोटोवालाही महिना-दोन महिने आधी ठरवावा लागतो. त्याच्या दरपत्रकात 'कँडिड' असा एक शब्द असतो आणि त्याचे पैसे वेगळे असतात. कँडिड म्हणजे कुणाला ओळीत उभं न करता, 'इकडं बघा' न म्हणता, माणूस आपल्या नादात असताना काढलेला फोटो. मग घरात प्रश्न निघतो, की मोबाईल तर ज्याच्या त्याच्या हातात आहे. न सांगता काढायच्या फोटोला जास्तीचे पैसे कशाला द्यायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आपण आज थोडं मागं जाऊ.

घरातल्या ट्रंकेत आजीच्या लग्नाचा किंवा लग्नानंतरचा फोटो असेल तर काढून बघा. बहुतेक घरांत तो नसतोच. असला तर बघा, आजोबा खुर्चीवर बसलेत, आजी बाजूला उभी आहे. पदर कपाळापर्यंत, हात सरळ खाली, नजर जमिनीकडे. हसू कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. आजी काय तशीच होती का? जात्यावर, पाणवठ्यावर, मैतरणींत ती खळखळून हसतच असणार. ते हसू फोटोत आलं नाही, याला तीन कारणं होती. कॅमेरा संथ होता, फोटो महाग होता, आणि कॅमेऱ्यामागं उभा असलेला माणूस परका होता.

पहिलं कारण संथपणाचं. फोटो काढण्याची रीत १८३९ मध्ये फ्रान्समधल्या पॅरिस शहरात जाहीर झाली. सुरुवातीला एका फोटोसाठी माणसाला कित्येक मिनिटं न हलता बसावं लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. मुंबईत १८५४ मध्ये फोटो काढणाऱ्यांची संस्था निघाली, तिचं नाव बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी. मुंबईतल्या पहिल्या देशी छायाचित्रकारांत डॉ. नारायण दाजी होते. ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. त्या काळात काचेवर ओलं रसायन लावून, ते सुकायच्या आत फोटो काढून लगेच धुवावा लागे. म्हणून फोटोवाला काळोखी तंबू सोबत घेऊन फिरायचा. आता सांगा, हसू तितका वेळ कोण धरून ठेवणार? म्हणून सगळे गंभीर बसत. पुढं कॅमेरे झपाट्यानं सुधारले, क्षणात फोटो निघू लागला, पण 'फोटो म्हणजे ताठ बसायचं' हे वळण समाजाच्या अंगात तसंच राहिलं.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. झरी, परभणी, जिंतूर हा सगळा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. या निजामाच्या दरबारात एक मोठा छायाचित्रकार होऊन गेला, राजा दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधना गावचा. शिक्षण रुडकीला इंजिनिअरिंगचं, नोकरी इंदूरला. तिथं फोटोचा नाद लागला आणि पुढं सहाव्या निजामानं, म्हणजे महबूब अली खान यांनी, त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं. १९०५ मध्ये ते वारले. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या प्लेटा आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यांची एक गोष्ट फार मोलाची आहे. त्या काळी खानदानी घरातल्या बाया पडद्यात असत. परक्या पुरुषासमोर पदर बाजूला कसा होणार? दीनदयाळ यांनी यावर तोड काढली. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला. त्याला जनाना स्टुडिओ म्हणत. भोवती उंच भिंती होत्या. आत फोटो काढणारी बाई होती, श्रीमती केनी-लेविक नावाची इंग्रज छायाचित्रकार, आणि तिच्या हाताखाली कामाला इथल्याच बाया होत्या.

मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या गोष्टीतून आपल्याला बरंच कळतं. बाई मोकळी बसायला हवी असेल तर आधी तिला भरवसा वाटावा लागतो. कॅमेऱ्यामागं कोण उभं आहे, तो फोटो पुढं कुणाच्या हाती जाणार आहे, हे तिला माहीत असावं लागतं. दीनदयाळ यांनी हे ओळखलं आणि त्यासाठी वेगळी जागा, वेगळी माणसं असा खर्चही केला.

पण हा स्टुडिओ बड्या घरच्या बायांसाठी होता. कष्टकरी बाईला तिथं कोण नेणार? आपल्या मराठवाड्यातली गरीब माणसं त्या काळात कॅमेऱ्यासमोर आली ती कधी, हेही ऐका. १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हा दीनदयाळ यांच्याच स्टुडिओनं औरंगाबाद भागातल्या दुष्काळाचे फोटो काढले. हाडं दिसणारी, खंगलेली माणसं त्यात आहेत. त्या फोटोंखाली माणसांची नावं नाहीत. एकाच दशकात, एकाच स्टुडिओत श्रीमंताच्या लेकीसाठी भिंती बांधल्या गेल्या, आणि गरिबाचा फोटो त्याच्या भुकेचा पुरावा म्हणून निघाला. आपला फोटो आपल्या आनंदाच्या वेळी, आपल्या मर्जीनं निघावा, ही गोष्ट आपल्या पणज्यांना मिळाली नव्हती.

१९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे परभणीवरून धावू लागली. हळूहळू तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी फोटोची दुकानं निघाली. मागं रंगवलेला पडदा, त्यावर बाग नाहीतर राजवाड्याचा जिना, पुढं एक खुर्ची आणि कुंडी. लग्न झाल्यावर नवं जोडपं तिथं जाऊन एक फोटो काढून येई. ज्याला परवडे तोच फोटोवाल्याला लग्नात बोलावी.

इथं दुसरं कारण येतं, पैशाचं. कॅमेऱ्याच्या रोलात फोटो मोजके असत. लहान रोल ३६ फोटोंचा, मोठ्या कॅमेऱ्याचा रोल १२ फोटोंचा. उटीला १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी निघाली, तिचा 'इंदू' नावाचा रोल पुढं देशभर चालला. तरी दर वेळी बटण दाबलं की पैसे खर्ची पडायचे. मग फोटोवाला जपून फोटो काढायचा. माळ घालताना एक, मंगळसूत्राचा एक, सप्तपदीचा एक, आणि उरलेले सगळे आहेर देणाऱ्यांचे. पाटील आले, सोसायटीचे चेअरमन आले, की त्यांचा फोटो आधी. चुलीपुढं धुरात बसलेल्या, पोळ्या लाटणाऱ्या, पहाटे हळद दळून गाणी म्हणणाऱ्या बाया त्या ३६ फोटोंत बसायच्या नाहीत. नवरीची आई तर सगळ्या अल्बमात शोधून सापडायची नाही. ज्याचा मान मोठा त्याचा फोटो, असा हिशेब होता.

मग हा मोकळा फोटो आला कुठून? १९२५ च्या सुमारास जर्मनीत हातात मावणारे छोटे, वेगवान कॅमेरे मिळू लागले. एरिक सॉलोमन नावाचा जर्मन छायाचित्रकार मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या सभांत, मेजवान्यांत असा कॅमेरा घेऊन जायचा आणि ते बोलत-हसत असताना, जांभई देत असताना फोटो काढायचा. लंडनच्या एका पत्रानं अशा फोटोंना 'कँडिड' म्हटलं. आपल्या देशात हे काम एका बाईनं केलं, होमाई व्यारावाला यांनी. १९१३ चा जन्म, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे. कला महाविद्यालयात. भारतातल्या त्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार महिला. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावानं छापले जात. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन, सायकलवरून त्या कामाला जायच्या. बाई काय फोटो काढणार, असं समजून लोक त्यांच्याकडे फार लक्ष देत नसत, आणि त्यामुळंच त्यांना माणसं मोकळी टिपता आली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आपल्या लग्नांत हा प्रकार यायला मात्र डिजिटल कॅमेरा यावा लागला. रोल संपायची भीती गेली. एका लग्नात हजार फोटो निघू लागले. आता मोबाईलनं तर प्रत्येकाला फोटोवाला केलं. तरी आपला पहिला प्रश्न तसाच आहे, की मग पैसे देऊन माणूस का बोलवायचा?

मांडवात काय होतं ते आठवा. अंतरपाट खाली येतो तो एक क्षण. त्या क्षणी दहा मोबाईल पुढं येतात आणि नवरा-नवरी कुणालाच दिसत नाहीत. लाल-हिरव्या कापडाच्या मांडवात चेहऱ्यावर तोच रंग उतरतो आणि मोबाईलमध्ये नवरी हिरवी दिसते. जाणता फोटोवाला रंग आधीच नीट करून घेतो, उजेड कुठून येतो ते बघतो, अंतरपाट कधी पडणार हे त्याला मंगलाष्टकावरून कळतं, म्हणून तो आधीच जागा धरून उभा असतो. पाठवणीत बाप कोपऱ्यात जाऊन डोळे पुसणार हे त्याला ठाऊक असतं. आणि मोठी गोष्ट म्हणजे फोटोची जबाबदारी त्यानं घेतली, की मामी, कलवरी, मैत्रीण लग्नात मनानं हजर राहतात. सहज वाटणारा फोटो सहज निघत नाही. त्यामागं शिकलेला हात आणि धीर असतो. त्याची मजुरी दिलीच पाहिजे. आपल्या शिवणकामाला, पापडाला योग्य भाव मागणाऱ्या आपण फोटोवाल्याशी घासाघीस करताना हे ध्यानात ठेवावं.

याचा अर्थ कर्ज काढा असा मुळीच नाही. ड्रोन नको, लग्नाआधीचं गाण्याचं शूटिंग नको, जाडजूड अल्बम नको. तेच पैसे हळदीपासून पाठवणीपर्यंत थांबणाऱ्या एका चांगल्या माणसाला द्या. ठरवताना त्यानं आधी केलेल्या एका लग्नाचे सगळे फोटो बघा, निवडक दहा नकोत. किती वेळ थांबणार, किती फोटो, किती दिवसांत, सगळे फोटो पेनड्राइव्हवर मिळणार का, हे लिहून पावती घ्या. नवरीला न विचारता तिचे फोटो जाहिरातीला किंवा व्हॉट्सअॅपवर टाकायचे नाहीत, हेही त्यात लिहा. आणि नावांची एक यादी त्याच्या हातात द्या. नवरीची आई, आजी, स्वयंपाकातल्या बाया, मांडव घालणारे, भांडी घासणाऱ्या मावशी. मान मागणारे आपोआप पुढं येतातच, यादी बाकीच्यांसाठी असते.

एक गोष्ट कायद्याची. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा असल्याशिवाय लग्न नाही, आणि मग फोटोही नाही. चांगला फोटोवाला वय विचारत असेल तर त्याचा राग धरू नका. लग्नानंतर ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करून घ्या. अल्बम जपावा, पण कायद्यात कामाला येतो तो नोंदणीचा दाखला.

तिसरं कारण होतं परक्या माणसाचं. त्यावर तोड आपल्याच हाती आहे. पूर्वी आपल्यासारख्याच निजामाच्या राज्यात असलेल्या जहीराबादजवळ पस्तापूर गाव आहे. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांतल्या, शाळा न शिकलेल्या दलित बाया व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांनी कॅमेऱ्याच्या कोनांना आपली नावं दिली. वरून खाली बघणारा तो पाटील शॉट. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून काढलेला तो संघम शॉट, कारण संघाच्या बैठकीत सगळ्या जणी एकाच सतरंजीवर बसतात.

आपल्या लेकींचे फोटो या संघम शॉटनं निघावेत. ते काढणारी आपलीच लेक, सून का नसावी? नवरी नटते त्या खोलीत, हळदीत, न्हाणात तिला कुणी अडवणार नाही. बँकांमार्फत जिल्ह्याजिल्ह्यात चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत फोटोग्राफी आणि व्हिडिओग्राफीही आहे, आणि तिथलं प्रशिक्षण मोफत असतं. पुढचा वर्ग कधी आहे याची चौकशी बँकेत किंवा उमेदच्या ताईंकडे करा. गटाच्या कर्जातून शिलाई मशीन, शेळ्या येतात, तसा एक कॅमेराही येऊ शकतो.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. प्रत्येकीनं घरातला सगळ्यात जुना बाईचा फोटो आणा, आणि त्याच्या मागं तिचं नाव, गाव आणि साल पेन्सिलीनं लिहा. अजून सांगणारं माणूस घरात आहे, तोवर लिहून ठेवा.