वळिवडे येथील पोलिश निर्वासितांची छावणी : हृदयारोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना :
निर्वासितांच्या छावणीचा इतिहास बहुधा राजकीय कराराने सुरू होतो आणि छावणी बंद होण्याच्या वर्षी संपतो. त्यात आरोग्याचा विचार आलाच, तर तो साथीच्या रोगांपुरता मर्यादित राहतो. पन्हाळगडाच्या वेढ्याची माहिती या परिसरातील प्रत्येक विद्यार्थ्यास असते. कोल्हापूरनजीकच्या वळिवडे छावणीची क्वचितच असते. या छावणीच्या आधारे निर्वासितांच्या हृदयारोग्याचा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत आणणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंड व्यापले. पूर्व पोलंडमधील लक्षावधी नागरिकांना १९४० व १९४१ मध्ये सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. कडाक्याची थंडी, सक्तीचे श्रम आणि उपासमार त्यांच्या वाट्यास आली. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांपैकी अनेकांची सुटका झाली. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक कास्पियन समुद्रमार्गे इराणमध्ये पोहोचले. टायफस, हगवण व कुपोषण यांमुळे तेथे अनेकांचा मृत्यू झाला. त्यांतील काही भारतात आले. वळिवडे येथे १९४३ मध्ये छावणी सुरू झाली व सुमारे ५ हजार पोलिश लोक तेथे राहिले. पुरुष सैन्यात असल्याने त्यांत प्रामुख्याने स्त्रिया व मुले होती.

तत्कालीन वैद्यकीय दृष्टी :
अशा आश्रितांच्या हृदयास असणारे काही धोके त्या काळीही ज्ञात होते. टायफसमध्ये हृदयाच्या स्नायूस सूज येऊ शकते. थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने हृदय दुर्बल होते. दाटीच्या वस्तीत पसरणाऱ्या घशाच्या संसर्गातून संधिवाताचा ताप उद्भवून मुलांच्या हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. परंतु उच्च रक्तदाबाकडे अनेक वर्षांनी फलित होणारा धोका म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झालेली नव्हती. ज्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने ती रूढ केली, तो अमेरिकेत १९४८ मध्ये सुरू झाला. वळिवडे छावणीही त्याच वर्षी संपुष्टात आली, हा योगायोग लक्षणीय आहे.

उपासमारीचे दीर्घकालीन परिणाम :
याच युद्धकाळातील लेनिनग्राडचा वेढा या संदर्भात उद्बोधक ठरतो. वेढ्यातील उपासमार सोसलेल्या पुरुषांच्या १९७५ ते १९७७ मधील तपासणीवर आधारित संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. वयात येण्याच्या सुमारास उपासमार सोसलेल्यांमध्ये रक्तदाब अधिक आढळला व पुढे हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाणही वाढलेले दिसले. वळिवड्याच्या मुलांनी त्याच वर्षांत, त्याच देशात उपासमार सोसली होती. छावणीत त्यांना शाळा, रुग्णालय, पुरेसे अन्न व सुरक्षितता लाभली. तथापि आश्रय मिळताच शरीरावरील आघात पुसला जातो, असे मानण्यास या संशोधनाने आधार उरत नाही.

समारोप :
पोलिश लोक गेल्यानंतर या जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे वसली व गांधीनगर उभे राहिले. एकाच भूमीने अल्पावधीत दोन निर्वासित समाजांना निवारा दिला. कोल्हापूरच्या आदरातिथ्याचा सार्थ गौरव होतो; पण आश्रयाचे मोल किती जणांना छप्पर मिळाले एवढ्यावरून ठरवणे अपुरे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने छावणीच्या नोंदींबरोबर आश्रितांच्या उत्तरायुष्याचाही मागोवा घ्यावयास हवा. तसेच आज कोठेही नव्याने आलेल्या निर्वासितांची साथरोगांसाठी तपासणी होते, तेव्हा रक्तदाब मोजणे व त्यांनी कोणत्या वयात किती काळ उपासमार सोसली याची नोंद ठेवणे, हेही आश्रय देणाऱ्या समाजाचे कर्तव्य ठरते. साथ काही आठवड्यांत दिसते. हृदयावरील आघात दिसण्यास कित्येक दशके लागतात.