पाट्या तीन, गल्ला एक

‘ताडोबा सफारी बुकिंग’ असं गूगलवर टाइप करा. पहिल्या पानावर वनखात्याच्या पत्त्याच्या आजूबाजूला खासगी संकेतस्थळांची रांग लागते. कुठे नावात ‘ताडोबा’ आधी, कुठे ‘सफारी’ आधी. यातली दोन-तीन शेजारी शेजारी उघडून ठेवली की गंमत कळायला लागते. वाघाचा फोटो तोच, फक्त आरशातल्यासारखा उलटा केलेला. ‘मोहर्ली’चं स्पेलिंग तिन्हीकडे सारखंच चुकलेलं. तळाशी मोबाइल नंबर एकच. एका पानावर तर माया वाघीण दिसण्याची जवळजवळ हमीच दिली होती. ताडोबातल्या पांढरपौनी भागातली ही लाडकी वाघीण २०२३ च्या ऑगस्टनंतर कुणाला दिसलेली नाही.

एका धन्याने एकाच शोधासाठी चार-पाच दुकानं थाटायची, ही युक्ती इंटरनेटने शोधलेली नाही. सरकारी कचेरीत काम केलेल्याला तीन कोटेशनची रीत ठाऊक असते. नियम सांगतो, तीन ठिकाणचे दर मागवा आणि कमीत कमी असेल तो घ्या. दुकानदार सांगतो, ‘साहेब, तुम्ही कशाला फिरता, तिन्ही मीच आणून देतो.’ दुसरं लेटरहेड मेव्हण्याचं, तिसरं बंद पडलेल्या फर्मचं, आणि तिन्हींवरचं अक्षर एकाच माणसाचं. कागदावर स्पर्धा झालेली असते. अमेरिकेत हाच खेळ टेलिफोनच्या पिवळ्या पानांत चालायचा. यादी वर्णक्रमाने लागते म्हटल्यावर नळ दुरुस्त करणारे आपल्या नावापुढे ‘ए ए ए’ लावायचे.

इंटरनेटवर हे कूळ वाढलं ते नावं स्वस्त झाल्यामुळे. १९९५ च्या सप्टेंबरपर्यंत डॉट कॉम नाव फुकट मिळे, पण तेव्हा ते घेणारेच थोडे होते. मग दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले आणि नावं विकण्याची मक्तेदारी एकाच कंपनीकडे राहिली. १९९९ मध्ये इतर विक्रेत्यांना वाट मोकळी झाली, तसे भाव कोसळले. आपल्याकडे २००५ च्या फेब्रुवारीत डॉट इन सर्वांसाठी खुलं झालं. दुसरी पाटी रंगवायला लागणारा खर्च एका जेवणावर आला, तेव्हा पहिल्या पाटीवर थांबेल तो व्यापारी कसला?

पुढचा इतिहास म्हणजे गूगलने बांध घालायचा आणि पाण्याने बाजूने वाट काढायची. एका पत्त्याचे दोनपेक्षा जास्त निकाल दाखवायचे नाहीत, अशी गूगलची जुनी पद्धत होती. लोकांनी एकाच नावाखाली उपनावं काढली आणि प्रत्येकाचे दोन-दोन निकाल पदरात पाडून घेतले. २००७ च्या डिसेंबरात गूगलच्या मॅट कट्सने ती फटही आवळत असल्याचं सांगितलं. मग शोधाचे शब्द जसेच्या तसे जोडून केलेली नावं आली. ती नुसत्या नावावर वर यायची, आत मजकूर कसाही असो. २०१२ च्या सप्टेंबरात अशा फुसक्या नावांचं वजन उतरवलं गेलं. २०१५ च्या मार्चमध्ये रोख ‘डोअरवे’ पानांकडे वळला, म्हणजे दारं वेगवेगळी आणि आत घर एकच. नाव आणि पहिलं पान किंचित बदलून एकाच शोधासाठी अनेक संकेतस्थळं उभारणं आजही गूगलच्या नियमात बसत नाही. एका माणसाने अनेक संकेतस्थळं ठेवायला मात्र हरकत नाही, प्रत्येकात वेगळं काही असलं की झालं.

२०१९ च्या जूनमध्ये दोन निकालांची मर्यादा उपनावांसकट पुन्हा ठोकून बसवली गेली. माझ्या मते ही चाल उलटी पडली. एका पत्त्याला दोनच जागा मिळणार असतील, तर ज्याला सहा हव्यात तो तीन पत्ते घेणार. नियम पत्ते मोजतो, मालक मोजत नाही.

ताडोबात हे पीक जोमाने आलं याला कारण आहे. इथला माल वाढत नाही. कोअरची, म्हणजे आतल्या गाभ्याच्या जंगलाची, मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी यांसारखी मोजकी गेटं, प्रत्येक गेटावर ठरलेल्या जिप्सी, एका जिप्सीत सहा पर्यटक, मंगळवारी सुट्टी, पावसाळ्यात कोअर बंद. दहा संकेतस्थळं आली म्हणून अकरावी जिप्सी आत जात नाही. सगळ्यांना शेवटी वनखात्याच्याच खिडकीतून परमिट काढावं लागतं, ते नावानिशी असतं आणि गेटवर ओळखपत्र ताडून पाहिलं जातं. पुण्याचा माणूस तीन ठिकाणी भाव काढून ‘सगळीकडे एवढेच सांगतात’ म्हणून निमूट पैसे भरतो. तीन कोटेशनच ती, फक्त या वेळी गिऱ्हाइकाने स्वतः गोळा केलेली.

त्यात खात्याच्या पत्त्यानेही घोळ घातला. अधिकृत बुकिंग आधी ‘ऑर्ग’ने संपणाऱ्या पत्त्यावर होतं, आणि ‘ऑर्ग’ कुणालाही विकत मिळतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुकिंग सांभाळणाऱ्या कंपनीच्या संचालकांवर १२ कोटींहून अधिक रकमेच्या फसवणुकीचा गुन्हा चंद्रपुरात नोंदला गेला आणि ऑनलाइन बुकिंग थांबलं. सप्टेंबरात ते महाफॉरेस्टच्या ‘गव्ह डॉट इन’ पत्त्यावर सुरू झालं. हे शेपूट सरकारलाच मिळतं. म्हणून पैसे भरण्याआधी पत्त्याचा शेवट तेवढा वाचावा. सुरुवातीला ‘ताडोबा’ कुणीही लिहू शकतो.

सगळेच एजंट लबाड नाहीत, हेही खरं. काही महिने आधी तारखा पकडणं, बफरचं, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलाचं, कुठलं गेट कुणाला सोयीचं ते सांगणं, नागपूरहून गाडी लावून देणं, ही कामं आहेत आणि त्यांचे पैसे घेण्यात गैर काही नाही. पंचाईत त्याची होते, ज्याचं एकच प्रामाणिक संकेतस्थळ दुसऱ्या पानावर ढकललं जातं. मग तोही दुसरं काढतो. जाहिरातीत वर यायचं म्हटलं तर तिथेही पैसेवाल्याचंच फावतं. एका धंद्याने एका शोधात दोनदा झळकू नये हा गूगलचा जाहिरातींचा नियम २०२५ च्या एप्रिलपासून पानावरच्या एकेका जागेपुरता उरला आहे. वरच्या पट्ट्यात एकदा दिसलात तरी खालच्या पट्ट्यात पुन्हा दिसता येतं. त्याचे पैसे अर्थात वेगळे.