चाळिशीनंतरची तालीम : गिरगाव ते परळ

मुंबईच्या मराठी वस्त्यांमधील व्यायामाचा इतिहास बहुधा तरुणांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच शरीर कमावू पाहणाऱ्या माणसाला गिरगाव, दादर, परळ वा लालबाग येथे कोणत्या पद्धती उपलब्ध होत्या आणि त्यांत त्याला कितपत जागा होती, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. तो विचारला असता व्यायामपद्धतीची निवड ही केवळ आवडीची बाब नव्हती, तर कामाचे तास, घराची लांबीरुंदी आणि भार कमी-जास्त करण्याची सोय यांवर ती ठरत आली, असे दिसते.

तालीम, म्हणजे लाल मातीचा हौदा, मारुतीची मूर्ती आणि वस्ताद यांच्याभोवती उभी राहिलेली जागा, ही मुळात कुस्तीची. कोकणातून व घाटावरून गिरण्यांत आलेल्या कामगारांच्या वस्त्यांत ती रुजली, तेव्हा तिला आणखी कामे चिकटली. राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावाच्या इतिहासात दाखवल्याप्रमाणे तेथील आखाडे हे मोहल्ल्यातील ‘दादा’ लोकांचा वचक, सणांचे आयोजन आणि संपाच्या काळातील माणूसबळ यांच्याशी निगडित होते. अशा ठिकाणी प्रौढ माणूस आश्रयदाता किंवा प्रेक्षक म्हणून शोभून दिसे. नवशिका म्हणून पोरांच्या रांगेत उभे राहणे त्याला अवघडच जाणार. शिवाय सवड हाही प्रश्न होता. १९२२ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराचा दिवस ११ तासांवर आणला, १९३४ च्या कायद्याने १० तासांवर, आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा येण्यास १९४६ साल उजाडावे लागले.

तालमीतील साधनांचा विचार केला तर अडचण अधिक स्पष्ट होते. जोर काढताना, म्हणजे हातापायांवर शरीर तोलून छाती जमिनीलगत नेऊन पुन्हा वर आणताना, भार स्वतःच्या देहाचा असतो आणि तो सहज हलका करता येत नाही, बैठकांचेही तसेच. प्रगती मोजायची ती संख्येने. पोट सुटलेल्या, खांदे आखडलेल्या नवशिक्याला पहिलाच जोर जड, आणि ज्याला शंभर सहज जमतात त्याला दीडशेने बळापेक्षा दमच अधिक मिळतो. याला अपवाद करेलाचा होता. ही हलक्या, सडपातळ मुद्गलांची जोडी खांद्याभोवती फिरवत माणूस हळूहळू जड जोडीकडे जाऊ शके. प्रौढांच्या दृष्टीने तालमीतले हेच सर्वांत शहाणे साधन म्हणावे लागेल, मात्र मानमरातब मिळाला तो जड मुद्गलाला आणि उचलायच्या दगडी नालेला.

मध्यमवयीन माणसाने केलेल्या निवडीचे ठळक मराठी उदाहरण औंध संस्थानात सापडते. १८६८ साली जन्मलेल्या आणि पुढे तेथील राजे झालेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी युजिन सँडो या युरोपीय बलोपासकाची पुस्तके आणि साधने मागवून १८९७ च्या सुमारापासून जवळजवळ दहा वर्षे त्याची पद्धत आचरली. सँडो स्वतः १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर भवानराव सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि त्यांचा प्रचार त्यांनी १९३८ साली लंडनमधून प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकापर्यंत नेला. नमस्कारांना साधन लागत नाही आणि बघ्यांसमोर जावे लागत नाही. गिरगावातील चाळीच्या एका खोलीत, अंथरुणे गुंडाळल्यावर जेवढी जागा उरते तेवढीही पुरते. भार न वाढण्याची मर्यादा मात्र येथेही राहतेच.

दादरला १९२५ मध्ये स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांब, विशेषतः दोरीचा मल्लखांब, जोपासला; पण स्वतःचे वजन मुठीत आणि मांडीत धरून ठेवण्याची ती विद्या लहान वयात लवकर अंगी लागते. प्रौढांसाठी वेगळे दार उघडले ते गिरगाव चौपाटीलगत. बडोद्याच्या माणिकरावांकडे देशी व्यायाम शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि १९३० च्या दशकात त्याची मुंबई शाखा मरीन ड्राइव्हवर आली. माणसाचे वय आणि दुखणे पाहून आसने ठरवणे हे तिचे वैशिष्ट्य होते, आणि वस्तादाच्या एकसाच्या शिस्तीहून ही दृष्टी मूलतः वेगळी होती.

भाराचा प्रश्न सुटला तो लोखंडी चकत्यांनी. चकत्या घालून-काढून वजन बदलता येणारा बारबेल विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बाजारात आला. त्याला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली ती १९४५ नंतर, जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या थॉमस डीलॉर्म या डॉक्टरामुळे. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते आधी शोधायचे, मग त्याच्या निम्म्याने, पाऊण पटीने आणि शेवटी पूर्ण भाराने दहा-दहा आवृत्त्या करायच्या, असा त्याचा व त्याचा सहकारी वॉटकिन्स याचा नियम होता. नवशिक्याचे वय यात आड येत नाही, कारण मोजमाप त्याच्याच आजच्या ताकदीवर बेतलेले असते. १९९० मध्ये अमेरिकेत सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबलाचा व्यायाम सुचवते. तालमीतील रोजच्या नेमापेक्षा हे माप सौम्य आहे, आणि स्नायूंपेक्षा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, सावकाश बळकट होतात हे ध्यानात घेता चाळिशीनंतर ते अधिक सयुक्तिकही ठरते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचा कणा मोडला आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर मॉल व कार्यालये उभी राहिली. त्यांच्याबरोबर आलेल्या वातानुकूलित जिममध्ये चाळिशीच्या नवशिक्याला कोणी हसत नाही आणि थोडाथोडा भार वाढवण्याची सोयही असते; तालमीत गुरुपौर्णिमेच्या नारळावर मिळणारी वस्तादाची नजर मात्र येथे ‘पर्सनल ट्रेनर’ या नावाने बहुधा वेगळी फी भरून घ्यावी लागते.