उघड्या सूक्ष्म खाचांतील केशाकर्षणी प्रवाह व बाष्पीभवन

घन पृष्ठावरच्या अतिअरुंद, वरून उघड्या खाचेत द्रव केवळ पृष्ठताणाच्या बळावर पुढे सरकतो, त्याला केशाकर्षणी प्रवाह म्हणतात. खाच उघडी असल्याने वाटेतच द्रवाची वाफ होते. त्यामुळे प्रवाहाचा वेग, त्याची अंतिम मजल आणि विरघळलेले क्षार साचण्याची जागा ही तिन्ही बदलतात. धारूर (जि. बीड) परिसरातील काळ्या जमिनीत ओल टिकते किंवा उडून जाते, त्यामागेही हीच क्रिया आहे.

प्रवाहाची अट : द्रवाने भिजणारा तळ व भिंती यांच्या मानाने उघडे तोंड अरुंद असावे लागते आणि द्रवाने पृष्ठ चांगले भिजवावे लागते. टोकदार कोपऱ्यात स्पर्शकोन (द्रवाचे पृष्ठ घन पृष्ठाला टेकते तेथील कोन) आणि कोपऱ्याचा अर्धा कोन यांची बेरीज ९०° हून कमी असेल, तर द्रव कोपऱ्याने आपोआप पुढे जातो. ही अट कॉनकस व फिन यांनी १९६९ मध्ये मांडली.

बाष्पीभवनाचा परिणाम : वाफ होत नसेल तर द्रवाने कापलेले अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो. बंद केशनलिकांसाठी हा नियम लुकास (१९१८) व वॉशबर्न (१९२१) यांनी दिला. उघड्या आडव्या खाचेतही आरंभी तो लागू पडतो. मात्र भिजलेली लांबी वाढते तसा घर्षणाचा विरोध वाढून पुरवठा घटतो आणि वाफेला मिळणारे पृष्ठ वाढून तूट वाढते. पुरवठा व तूट समान झाली की द्रवाची आघाडी, म्हणजे पुढची कड, थांबते. ही कमाल लांबी बाष्पीभवनाच्या दराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. दर चौपट झाला तर लांबी निम्मी होते. आघाडी थांबली तरी आतला प्रवाह थांबत नाही. उडालेल्या पाण्याची जागा घेण्यासाठी मागून पाणी येतच राहते आणि त्यातले क्षार टोकाशी साचतात. उष्णतानलिकेतील (द्रवाच्या बाष्पीभवनाने उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळीतील) खाचांचे काम अशाच अखंड पुरवठ्यावर चालते. तो अपुरा पडला की खाच कोरडी पडून उपकरण तापते.

धारूर परिसरातील जमीन : बालाघाटच्या डोंगररांगेतील या भागात बेसाल्टपासून बनलेली जमीन उंचवट्यावर उथळ व मुरमाड, तर सखल भागात खोल व काळी आढळते. रब्बीची कोरडवाहू ज्वारी मुख्यतः पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर वाढते. मातीच्या कणांमधील कोपरे व फटी उघड्या खाचांसारखे वागतात. पाण्याचे पापुद्रे पृष्ठभागापर्यंत सलग असतात तोवर बाष्पीभवनाचा दर हवामानावर ठरतो. ते तुटल्यावर पाणी केवळ वाफेच्या रूपाने, सावकाश बाहेर पडते. काळी माती सुकताना आकसून भेगाळते आणि भेगांच्या भिंतींवरूनही ओल उडते. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत केला की ही सलगता तुटते व भेगा बुजतात. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते यामुळेच. काडीकचऱ्याचे आच्छादन पृष्ठभागावरील ऊन व वारा रोखून बाष्पीभवनाचा दर कमी करते. भूजल उथळ व खारट असेल तेथे सततच्या बाष्पीभवनाने क्षार वर येऊन जमीन खारवट होते.

भिंतींतील ओल : मातीच्या किंवा दगड-चुन्याच्या जुन्या भिंतींत पायातून चढणारी ओल जेथे पुरवठा व बाष्पीभवन यांचा मेळ बसतो त्या उंचीवर थांबते. त्या पट्ट्यात क्षारांचे स्फटिक बनून लोणा लागतो आणि गिलावा सुटतो. अशा भिंतीला सिमेंटचा घट्ट गिलावा केल्यास बाष्पीभवन रोखले जाते, पण पायातील पुरवठा तसाच राहतो. परिणामी ओल पूर्वीपेक्षा उंच चढते. शेतात बाष्पीभवन कमी केल्याने ओल वाचते. भिंतीत मात्र आधी पायातला पुरवठा तोडावा लागतो आणि गिलावा वाफ जाऊ देणारा, चुन्याचा ठेवावा लागतो.