उचलण्याआधी थांबा!

मंडळी, स्मरणिकेसाठी मी एरवी प्रवासवर्णन देतो. या वेळी विषय वेगळा घेतलाय, आणि त्याला कारण माझीच एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी अबुधाबीत आमच्या इमारतीशेजारी बांधकाम चालू होतं. एका सकाळी एक कामगार परांचीवरून खाली पडला. आम्ही चौघे धावलो. दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय, आणि त्याला एका गाडीच्या मागच्या सीटवर अक्षरशः कोंबलं. "वेळ घालवू नका!" असं मीच ओरडत होतो. त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. वर्षभरानं ऑफिसात प्रथमोपचाराचा वर्ग झाला. बाईंनी पाठीच्या कण्याचा धडा सुरू केला आणि माझ्या पोटात गोळाच आला. अमेरिकेत एम.एस. करताना कॅम्पसवर असाच वर्ग असायचा. ‘आपण काय डॉक्टर आहोत?’ म्हणून मी गेलो नव्हतो.

तेव्हापासून या विषयाचा इतिहास वाचायचा नाद लागला.

आपल्याकडे हे ज्ञान नवं नाही. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे १२ आणि सांधा निखळण्याचे ६ प्रकार दिले आहेत. झाडाच्या सालीच्या, बांबूच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत. मांडी किंवा कणा मोडला तर रुग्णाला फळीवर खुंट्यांच्या आधारानं हलू न देता निजवायचं. त्याला नाव ‘कपाटशयन’. आपले हाडवैद्य कामट्या बांधत, तीही त्याच जातीची विद्या. पण ती वैद्याच्या हातात होती. जखमीला वैद्यापर्यंत नेणाऱ्या चौघांना ती कुणी शिकवायची?

हे न शिकवण्याची किंमत आपल्या या आखाताच्या वरच्या टोकाला मोजावी लागली. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, सहावी पूना डिव्हिजन याच समुद्रातून फावला उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वर्षभरानं, नोव्हेंबर १९१५ मध्ये, बगदादजवळ टेसिफोनला मोठी लढाई झाली. मृत आणि जखमी मिळून साडेचार हजारांच्या आसपास. जखमींना नदीपर्यंत न्यायला होत्या स्प्रिंग नसलेल्या, खेचरांच्या गाड्या. मोडक्या मांड्यांची माणसं खडबडीत वाटेवर आदळत गेली, मग बोटींत दाटीवाटीनं बसऱ्याला आली. तिथे मेजर कार्टर या डॉक्टरांनी पाहिलं, तर मांडीला आधार म्हणून व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्या बांधलेल्या! त्यांनी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतलं. पुढे चौकशी आयोगाच्या १९१७ च्या अहवालात हे सगळं जगापुढे आलं.

गंमत म्हणजे उपाय तेव्हाही होता. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी पायाला ताण देऊन स्थिर ठेवणारी चौकट १९ व्या शतकातच बनवली होती. १८९१ मध्ये ते वारले, तेव्हा तिची फारशी कुणाला किंमत नव्हती. त्यांचा भाचा रॉबर्ट जोन्स यानं ती फ्रान्सच्या आघाडीवर नेली. पण नुसती चौकट पाठवून भागलं नाही. स्ट्रेचर वाहणाऱ्या साध्या शिपायांना ती बांधण्याची कवायत शिकवली, अंधारातही जमावी म्हणून डोळे बांधून! मांडी मोडलेल्यांचा मृत्यूदर सुरुवातीला ८० टक्के असल्याचं तेव्हाचे डॉक्टर सांगत. १९१७ पर्यंत तो २० टक्क्यांच्या खाली आला. आम्हा आयटीवाल्यांना हे लगेच पटेल: सिस्टीम कितीही चांगली असो, ट्रेनिंग नसेल तर ती कपाटातच राहते.

त्या वर्गात शिकलेलं थोडक्यात सांगतो. उंचावरून पडलेल्याला, आग किंवा रहदारीचा धोका नसेल तर, हलवू नका. ९९८ ला फोन करा. तो श्वास घेतोय ना ते बघा. घेत नसेल तर छातीवर दाब देणं आधी, बाकी सगळं नंतर. श्वास चालू असेल तर डोकं आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी धरून ठेवा आणि "मान हलवू नकोस" असं त्याला सांगत राहा. मोडलेला हात-पाय सरळ करायला जाऊ नका. उशी, टॉवेल, जे असेल त्याचा आधार द्या. नुसता मुरगळला असेल तर विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, बेताची घट्ट पट्टी आणि पाय उंचावर. चोळायचं मात्र नाही, आजी कितीही म्हणाली तरी!

आता कार्यकारिणीला एक विनंती. गणेशोत्सवाच्या लेझीम तालमीला आपण सगळे जमतोच. त्यातल्या एका शनिवारी तासभर प्रशिक्षक बोलावू या. मुलांनाही बसवू या. त्रिकोणी पट्टी बांधायला त्यांना खेळासारखी मजा येते.

त्या कामगाराचं नावही मला माहीत नाही. तो मराठी होता, बंगाली की पठाण, कुणास ठाऊक. पुढच्या वेळी कुणी पडलं, तर धावणाऱ्या चौघांत "थांबा" म्हणणारा एक तरी आपल्या मंडळाचा असावा, एवढीच इच्छा.