सख्खी माशी, परकी माशी

उन्हाळ्यात ओट्यावर केळी दोन दिवस जास्त राहिली की त्यांच्याभोवती बारीक चिलटं घिरट्या घालू लागतात. मुंबई असो की न्यू जर्सी, आपण ती हाकलतो आणि केळ्यांचं शिकरण करतो. शास्त्राच्या इतिहासात मात्र या चिलटाला मोठा मान आहे. त्याचं नाव ड्रोसोफिला. हापूसची नासाडी करणारी फळमाशी वेगळी. ती साधारण घरमाशीएवढी असते आणि चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. ड्रोसोफिला जेमतेम तीन मिलिमीटरची आणि आंबू लागलेल्या फळांवर जगणारी.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी एका लहानशा खोलीत या माश्या दुधाच्या बाटल्यांत हजारोंनी वाढवल्या. १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांत त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर दिसला. त्याच्या पुढच्या पिढ्या मोजता मोजता डोळ्यांचा रंग एक्स गुणसूत्राशी बांधलेला आहे, हे उलगडलं. गुणसूत्रांवरच्या या कामासाठी मॉर्गन यांना १९३३चं नोबेल मिळालं.

सगळी भिस्त अशी भिंगाखाली माश्या ओळखण्यावर होती. नराच्या पोटाचं टोक काळं असतं आणि पुढच्या पायांवर राठ केसांचा इवलासा कंगवा असतो. मादीला तो नसतो. हे सरावानं जमतं.

पण मॉर्गन यांचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याला त्याहून बारीक गोष्ट दिसली. लाल-हिरव्या रंगांतला फरक त्याला नीट कळत नसे. आकारांकडे मात्र त्याची नजर पक्की होती. १९१९ साली त्यानं जाहीर केलं की 'मेलानोगास्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माश्यांत आणखी एक जात मिसळलेली आहे. तिचं नाव त्यानं ठेवलं 'सिम्युलन्स', म्हणजे नक्कल करणारी. डोळे तसेच लाल, कंगवाही तसाच. ठळक फरक फक्त नराच्या जननांगापाशी: मेलानोगास्टरला तिथे लहानसा आकडा, तर सिम्युलन्सला शिंपल्यासारखी मोठी पाकळी.

एवढ्याशा फरकावरून जात वेगळी कशी मानायची? उत्तर संकरात होतं. मेलानोगास्टरची मादी आणि सिम्युलन्सचा नर एकत्र ठेवले, तर जवळजवळ सगळ्या मुलीच जन्मतात आणि त्याही वांझ. उलट पांढऱ्या आणि लाल डोळ्यांच्या मेलानोगास्टरचा वंश बिनघोर चालतो. दिसायला वेगळी ती सख्खी निघाली आणि हुबेहूब दिसणारी परकी. जाती न ओळखता बाटल्या एकत्र झाल्या असत्या, तर मोजणीचा सगळा हिशोब बिघडला असता.

दोन्ही जातींच्या माद्या मात्र इतक्या सारख्या असतात की तरबेज माणूसही अडतो. म्हणून रानातून धरून आणलेली मादी एका बाटलीत एकटी ठेवतात आणि दहा-बारा दिवस थांबतात. तिचे मुलगे बाहेर पडले की त्यांना भिंगाखाली धरतात, आणि आईची जात कळते.